चालू आहे तोवरच बदला

उन्हाळा तापला की महाराष्ट्रात एक वाद ठरलेल्या वेळी उगवतो. कुठल्यातरी पालिकेच्या नाट्यगृहात दुसऱ्या अंकात एसी बंद पडतो. प्रेक्षक हातातल्या तिकिटांनी वारा घेत बसतात, नटमंडळी भरजरी कपड्यांत घामानं निथळत प्रयोग पुरा करतात आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण सुरू होतं. एक पक्ष म्हणतो, ती वीस वर्षांची धुडं भंगारात काढा आणि उद्याच्या उद्या नवी यंत्रणा बसवा. दुसरा म्हणतो, जुनी यंत्रं दणकट आहेत, नीट देखभाल केली तर अजून दहा वर्षं ओढतील. ‘जुना गॅस आता मिळणार नाही’ ही हाकाटी म्हणजे विकणाऱ्यांनी घातलेली भीती आहे. जूनमध्ये पाऊस पडतो, हवा गार होते, आणि वाद पुढच्या एप्रिलपर्यंत मिटून जातो. नाट्यगृहाचं नाव गाजतं एवढंच. सरकारी रुग्णालयं, न्यायालयं, सहकारी बँका, महाविद्यालयांची सभागृहं, सगळीकडे हेच चाललेलं असतं.

हे भांडण चुकीच्या जागी चाललं आहे असं मला ठामपणे वाटतं. यंत्र दणकट आहे की टाकाऊ यावर दोन्ही बाजू तावातावानं बोलतात. ते बदलायचं कधी ठरवायचं आणि बदलताना काय मोजायचं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं असं आहे की पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक सार्वजनिक एसी प्लान्टच्या बदलीची तारीख तो प्लान्ट व्यवस्थित चालू असतानाच ठरली पाहिजे, कागदावर आली पाहिजे आणि तिच्यासाठी पैसे बाजूला पडले पाहिजेत. यंत्र बंद पडल्यावर निवड करायला वाव उरतच नाही. त्या दिवशी डीलरच्या गोदामात जे उभं असेल ते आपल्या छतावर येऊन बसतं.

हे मी सत्तावीस वर्षं प्लान्ट रूममध्ये वावरून सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाचा फोन आला. मे महिना होता. शस्त्रक्रिया विभागाला गारवा देणाऱ्या दोन पॅकेज युनिटांपैकी एकाचा कॉम्प्रेसर जळाला होता आणि दुसरं सगळा भार एकट्यानं ओढत धापा टाकत होतं. दोन्ही आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारी. त्या मॉडेलचा कॉम्प्रेसर यायला सहा आठवडे लागणार होते आणि शस्त्रक्रिया सहा आठवडे थांबवता येत नाहीत. मग जे मिळालं ते घेतलं, आर-४१०ए या त्याच्यानंतर आलेल्या गॅसवर चालणारी, गरजेपेक्षा मोठी डक्टेबल युनिटं. चार दिवसांत बसली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पावसाळा आला आणि भिंतींना ओल धरू लागली. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून थांबतं. हवेतली आर्द्रता ओढून घ्यायला त्याला पुरता वेळच मिळत नाही. शस्त्रक्रियागृहात ओल म्हणजे काय, हे डॉक्टरांना सांगावं लागत नाही. चार दिवसांत घाईनं झालेली ती खरेदी ते रुग्णालय पुढची पंधरा वर्षं निस्तरत बसेल. त्यात कुणाचा आळस नव्हता, कुणाचा भ्रष्टाचार नव्हता. नव्हता तो फक्त प्लॅन. आणि मला आजही बोचतं ते हे की आदल्याच डिसेंबरात मी त्या प्लान्ट रूममध्ये उभा होतो. मेकॅनिकनं पॅनेलच्या दारावर खडूनं गॅस भरल्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या: आधी वर्षातून एकदा, मग सहा महिन्यांनी, मग दर तिसऱ्या महिन्याला. यंत्रानं आपलं दुखणं दारावर लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचून मी काहीच बोललो नाही.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते पुष्कळ आहे. आर-२२ उद्या सकाळी बाजारातून नाहीसा होणार ही आवई खोटी आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांना हा गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे: २०२० पर्यंत ३५ टक्के कपात, २०२५ पर्यंत ६७.५ टक्के, २०३० मध्ये जवळपास पूर्ण, आणि त्यानंतरही २०४० पर्यंत चालू यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अगदी थोडी मुभा. भारतात नव्या यंत्रांत तो भरणं २०२४ च्या अखेरीस थांबलं. जुनी यंत्रं दुरुस्त करायला तो अजून मिळतो. शिवाय आपला देश स्वतः हा गॅस बनवतो. टेफ्लॉनसारख्या पदार्थांसाठी कच्चा माल म्हणून होणारं त्याचं उत्पादन या कपातीत मोजलंच जात नाही. तेव्हा ‘आत्ता बदला नाहीतर बुडालात’ असं कुणी सांगत आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

दुसरा मुद्दा आणखी जड आहे. जुनी यंत्रं आपल्या माणसांना उघडता येत होती. जुना सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर खोलून, पिस्टन-रिंगा बदलून, मोटर रिवाइंड करून पुन्हा उभा करणारे कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी होते. आजच्या इन्व्हर्टर यंत्राचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं, आणि कंपनीनं ते कार्ड बनवणंच बंद केलं असेल तर अख्खं युनिट टाकावं लागतं. ज्यांना जुनं यंत्र सोडवत नाही ते नुसते भूतकाळात रमलेले नाहीत. आपल्या हातातली दुरुस्ती जाण्याची त्यांची भीती रास्त आहे.

आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत बळकट. आज बदलून तरी काय मिळवायचं, नवा गॅससुद्धा जाणारच आहे ना? आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो म्हणून आर-४१०ए आला; त्यानं ओझोनला धक्का लागत नाही, पण एक किलो आर-४१०ए पृथ्वी तापवण्यात सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो, आर-२२ पेक्षाही थोडा जास्तच. म्हणून २०१६ च्या ऑक्टोबरात रवांडाच्या राजधानीत, असे पृथ्वी तापवणारे गॅसही घटवण्यासाठी, मॉन्ट्रियल करारात किगाली दुरुस्ती झाली आणि भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आर-३२ चा आकडा ६७५ आहे, म्हणजे तिसरा हिस्सा, पण तो मंदपणे पेट घेऊ शकतो. प्रोपेन म्हणजे आर-२९० जवळपास निरुपद्रवी, पण तो तर सरळ स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. दर पंधरा वर्षांनी यंत्रांची एक पिढी मोडीत काढायची, हे शहाणपण कसलं?

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्हींमधून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. गॅस हळूहळू कमी होणार असेल, तर हातात वेळ आहे. हातात वेळ आहे याचा अर्थ स्वस्थ बसा असा होतो, की नीट ठरवून काम करा असा? हा वेळ आपल्याला कुणी दान दिलेला नाही. १९९० साली लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी ठाम भूमिका घेतली की ओझोनचं नुकसान श्रीमंत देशांनी केलं आहे, तेव्हा पैसा आणि तंत्रज्ञान मिळाल्याशिवाय भारत या करारात येणार नाही. त्या बैठकीतून विकसनशील देशांना या बदलासाठी पैसा देणारा बहुपक्षीय निधी उभा राहिला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. किगालीतही आपण सैल वेळापत्रक पदरात पाडून घेतलं: आर-४१०ए सारख्या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा, २०३२ पर्यंत १० टक्के कपात, २०४२ पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. तीन दशकं वाटाघाटी करून मिळवलेली ही सवलत आपण नाट्यगृहाचा एसी मे महिन्यात बंद पडण्याची वाट बघण्यात घालवणार आहोत का?

ही वर्षं यंत्राच्या आयुष्याशी ताडून पाहा. २०२६ मध्ये बसवलेलं चांगलं चिलर, म्हणजे पाणी थंड करून इमारत गार ठेवणारं मोठं यंत्र, वीस वर्षं चालतं, म्हणजे २०४६ पर्यंत. कपातीचा सर्वांत मोठा टप्पा नेमका त्याच्या म्हातारपणात येतो. त्यामुळे आज यंत्र घेताना आजचा गॅस स्वस्त आहे का हे विचारून भागत नाही. २०४० मध्ये यात भरायला काय मिळेल हे विचारावं लागतं. गॅस पुन्हा बदलणार या आक्षेपाचं उत्तरही इथंच आहे, आणि ते गॅसपेक्षा रचनेत आहे. चिलरच्या पद्धतीत गॅस प्लान्ट रूममध्येच राहतो आणि इमारतीभर फिरतं ते थंड पाणी. उद्या गॅस बदलला तर यंत्र बदलेल. पाण्याचे पाइप, त्या पाण्यावरून हवा फिरवणारी एएचयू युनिटं, हवा वाहून नेणारे डक्ट जागच्या जागी राहतील. याउलट व्हीआरएफमध्ये, म्हणजे एका बाहेरच्या युनिटाला अनेक खोल्यांतली युनिटं जोडणाऱ्या पद्धतीत, तोच गॅस शेकडो मीटर तांब्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीत पोचतो. प्रत्येक सांधा म्हणजे गळतीची एक शक्यता, आणि गॅस बदलायची वेळ आली की नळ्यांपासून सगळंच प्रश्नात येतं. छोट्या कचेरीला, ज्या इमारतीत दहा खोल्या वेगवेगळ्या वेळी चालतात तिला, व्हीआरएफ सोयीचं आहे, हे नाकारत नाही. पण आठशे खुर्च्यांच्या सभागृहाला किंवा रुग्णालयाला ते केवळ लवकर बसतं म्हणून बसवणं मला अदूरदृष्टीचं वाटतं. आणि लवकर बसणं हा निकष यादीत सर्वांत वर कधी जातो? यंत्र बंद पडल्यावर.

मुंबईच्या लोकलनं हा प्रश्न आपल्या डोळ्यांसमोर सोडवला आहे. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढं देशभर २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत आली आणि मुंबई जुन्यावर राहिली. बदल हवा होता; पण लोकल एक महिना बंद ठेवून तारा बदलू, असं कुणाला म्हणता आलं असतं का? आधी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग मार्गाचे तुकडे पाडले, रात्रीचे ब्लॉक घेतले. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्यच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, हार्बरचं २०१६ मध्ये. जुन्या तारा तुटून पडल्या म्हणून त्या बदलल्या नाहीत. धडधाकट चालत होत्या तेव्हाच बदलल्या, म्हणून लाखो माणसं रोज कामावर पोचत राहिली. दोनशे टनांचा एसी प्लान्ट ही त्या मानानं किरकोळ गोष्ट. नवं चिलर जुन्याच्या शेजारी बसवायचं, एक उन्हाळा जुनं राखीव ठेवायचं, मग हलवायचं. एवढंच करायला प्लान्ट रूममध्ये जागा आणि हाताशी दोन हिवाळे लागतात, आणि हिवाळे यंत्र चालू असतानाच मिळतात.

पुरवठ्याचं चित्रही घाई करणाऱ्याला धार्जिणं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं गॅस भरलेले एसी आयात करायला बंदी घातली, पुढच्या वर्षी देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आणली. जुळणी इथं वाढली, ही चांगली गोष्ट झाली. पण कॉम्प्रेसरांचा मोठा हिस्सा अजून चीनमधून येतो, आणि मार्च ते मे या काळात देशातली प्रत्येक कचेरी, प्रत्येक दुकान तेच मागत असतं. गॅस बदलताना काय होतं ते अमेरिकेनं नुकतंच पाहिलं. तिथं २०२५ पासून नवे घरगुती आणि छोटे व्यावसायिक एसी आर-४१०ए सोडून दुसऱ्या गॅसवर गेले, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांपैकी आर-४५४बी या नव्या गॅसची सिलिंडरं मिळेनाशी झाली, भाव कित्येक पटींनी चढले. युरोपात २०१८ मध्ये कोटा एकदम खाली आला तेव्हा भाव भडकले आणि पाठोपाठ चोरटी आयात सुरू झाली. टंचाईत बनावट मालही येतो. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये शीतकंटेनरांच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट होऊन दुरुस्ती करणारे कामगार मेले. गॅसमध्ये स्वस्तातलं मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. ते सिलिंडर विकत घेण्याचं ठरवणारे त्या स्फोटात नव्हते. उघडणारा होता.

म्हणूनच या सगळ्या वादात जो माणूस कुठेच दिसत नाही त्याच्याबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. खांद्यावर सिलिंडर घेऊन चार मजले जिना चढणारा मेकॅनिक. त्याचं शिक्षण बहुधा उस्तादाच्या हाताखाली झालेलं, आर-२२ वर. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. आर-३२ पेट घेऊ शकतो. सांध्यांची तपासणी नायट्रोजननं करायची असते, पण नायट्रोजनचं सिलिंडर नसलं की ब्रेझिंगसाठी, म्हणजे नळ्यांचे सांधे तापवून जोडण्यासाठी, आणलेला ऑक्सिजनच लाइनीत सोडणारे लोक मी पाहिले आहेत. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. पण तालुक्याच्या मेकॅनिकला तीन दिवसांची मजुरी बुडवून शहरात प्रशिक्षणाला जाणं परवडतं का? पालिकेनं नव्या प्लान्टच्या टेंडरमध्येच एक अट घालावी: स्थानिक मेकॅनिकांचं मराठीतून प्रशिक्षण, त्या दिवसांचा भत्ता, आणि मराठी दुरुस्ती-पुस्तिका. त्याच टेंडरात लिहावं की दहा वर्षं सुटे भाग आणि कार्डं मिळतील, आणि कंट्रोलरचा पासवर्ड मालकाकडे राहील. जुन्या यंत्राचा जो गुण आपल्याला सोडवत नाही, तो आपल्या माणसाच्या हातातली दुरुस्ती हा आहे. ती करारात लिहून घेता येते. पण करार लिहायला महिने लागतात, आणि घाम पुसत बसलेल्या प्रेक्षकांसमोर कुणाला महिने मिळत नाहीत.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न राहतो, आणि तो पालिकांची अंदाजपत्रकं पाहिलेल्या कुणालाही हसण्यावारी नेता येणार नाही. पण आपण किंमत मोजतो ती अर्धीच. टेंडर उघडतं तेव्हा सर्वांत कमी खरेदी किंमत जिंकते; वीस वर्षांचं वीजबिल त्या कागदावर नसतंच. साधा हिशोब करू. १२० टनांचा जुना प्लान्ट टनामागे १.४ किलोवॉट वीज घेतो, नवा पंपांसकट ०.९ घेतो असं धरू. पूर्ण भाराला फरक ६० किलोवॉटचा. वर्षाला दोन हजार तास, सरासरी साठ टक्के भार धरला तर ७२ हजार युनिटं वाचतात. युनिटला बारा रुपयांनी साडेआठ लाखांच्या वर, दरवर्षी. एवढा पैसा आपण दरवर्षी जुन्या यंत्राच्या ममतेपोटी भरतो आणि त्याला काटकसर म्हणतो.

शिवाय १२० टन लागतातच का? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुना प्लान्ट आखला गेला तेव्हा रंगमंचावर हजार-हजार वॉटचे हॅलोजन दिवे होते. असे चाळीस दिवे म्हणजे ४० किलोवॉट उष्णता, आणि एक टन एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे साडेअकरा टन एसी नुसते दिवे गार करण्यात जात होते. त्या जागी दोनशे वॉटचे एलईडी आले असतील तर नऊ टनांची गरज आजच संपलेली आहे. कचेऱ्यांमधल्या ट्यूब गेल्या, जुने डबा मॉनिटर गेले. गच्चीवर उष्णतारोधक थर द्या, दरवाज्यांच्या फटी बुजवा, डक्टची गळती बंद करा, आणि मग टन मोजा. जुन्या पाटीवरचा आकडा टेंडरात उतरवून काढणं म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या दिव्यांसाठी आज यंत्र विकत घेणं. उष्णतेचं असं मोजमाप करायला एक अभियंता, पंधरा दिवस आणि एक उन्हाळा लागतो. यंत्र चालू असलं तरच ते होतं, कारण बंद यंत्राचा भार मोजता येत नाही.

आणखी एक हिशोब कुणाच्याच वहीत नसतो, जुन्या यंत्राच्या पोटातल्या गॅसचा. टनामागे साधारण किलोभर धरला तर १२० टनांच्या प्लान्टमध्ये सव्वाशे किलोच्या आसपास आर-२२ असतो. भंगारवाला येतो, तांब्याची नळी कापतो, आणि दहा मिनिटांत तो सगळा हवेत जातो. तापमानवाढीच्या भाषेत तो दोनशे टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. हाच गॅस रिकव्हरी मशीननं काढून, साफ करून ठेवला, तर ज्या ग्रामीण रुग्णालयाला अजून पाच वर्षं जुनंच यंत्र चालवावं लागणार आहे, त्याला तो पुरेल. म्हणजे एका नाट्यगृहाची वेळेवर झालेली बदली दुसऱ्या कुणाची सक्तीची बदली पुढं ढकलू शकते. २००८ च्या ऑगस्टमध्ये, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, भारतानं सीएफसीचं, म्हणजे फ्रिजमधल्या त्याहून जुन्या, ओझोनला मारक गॅसांचं, उत्पादन थांबवलं. दम्याच्या फवाऱ्यांसाठीचा थोडा वापर सोडला तर तो अध्याय संपला. तेव्हाही ‘आता घराघरांतले फ्रिज बंद पडणार’ असं बोललं गेलं. पडले का?

ज्या गावाच्या नाट्यगृहाबद्दल यंदा भांडण झालं, तिथल्या रसिकांना आणि नगरसेवकांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर एक दिवस प्लान्ट रूममध्ये जा. यंत्राच्या पाटीवरचं साल आणि गॅसचं नाव लिहून घ्या. मेकॅनिकला विचारा, गेल्या दोन वर्षांत किती किलो गॅस भरला. तो सांगेल, कारण आजवर त्याला कुणी विचारलेलं नसतं. पॅनेलच्या दारावर खडूच्या तारखा असतील तर त्यांचा फोटो काढा आणि अंदाजपत्रकाच्या सभेच्या आधी तो स्थायी समितीच्या टेबलावर ठेवा.